उत्तर ‘होय’ आल्यानंतर

प्रति,
माननीय मंत्री,
सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींना घरी सांभाळणाऱ्या कुटुंबीयांचे प्रशिक्षण

माननीय महोदय,

आशा स्वयंसेविका तिशीपुढील प्रत्येक व्यक्तीकडून जो सीबॅक फॉर्म भरून घेतात, त्यात साठी ओलांडलेल्यांसाठी काही निराळे प्रश्न आहेत. उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, आंघोळ, कपडे, जेवण, शौच यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का, आणि जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होतो का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न आहेत. यातील शेवटचा प्रश्न स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे ज्याला आता खेड्यापाड्यांतही डिमेन्शिया म्हणू लागले आहेत त्या अवस्थेचा, माग काढण्यासाठी घातलेला आहे. सरकारी यंत्रणेने हा प्रश्न दारोदार नेला, ही गोष्ट लहान नव्हे, कारण भल्याभल्या दवाखान्यांतही तो आपणहून विचारला जात नाही. या पत्राचा विषय त्यापुढचा आहे: उत्तर ‘होय’ असे आले आणि फॉर्म पुढे गेला, की त्या घरात जे उरते त्याचे काय करायचे, हे त्या घराला कोण शिकवणार?

स्मृतिभ्रंश हा एकच एक आजार नव्हे. मेंदूच्या निरनिराळ्या विकारांमुळे स्मरण, भाषा, स्थळकाळाचे भान, निर्णयशक्ती आणि पुढे अंगवळणी पडलेली रोजची कामेही टप्प्याटप्प्याने ढासळत जातात, त्या लक्षणसमूहाचे हे नाव आहे. आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली ज्याचे वर्णन प्रथम मांडले तो अल्झायमरचा आजार हे त्याचे सर्वांत मोठे कारण असून, त्याखालोखाल मेंदूचा रक्तपुरवठा जागोजाग तुटल्याने, म्हणजे बहुधा वर्षानुवर्षे अंगावर काढलेल्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या पोटी, येणाऱ्या स्मृतिभ्रंशाचा क्रम लागतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे मांद्य, डोक्याला मार लागून कवटीखाली साठलेले रक्त किंवा उतारवयातील नैराश्य यांमुळेही माणूस असाच विसरू लागतो, आणि ही कारणे उपचाराने दूर होऊ शकतात. म्हणून ‘वय झाले’ असे म्हणण्याआधी एकदा डॉक्टरांकडे जाणे आवश्यक ठरते. भारतातील वार्धक्याच्या दीर्घकालीन पाहणीशी जोडून झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासाने साठी ओलांडलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख व्यक्ती, इतके काढले. त्याच अभ्यासात हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. स्मृतिभ्रंश हे पुण्यामुंबईच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या पेन्शनरांचे दुखणे आहे, ही समजूत निदान आपल्या विभागाच्या नियोजनातून तरी यापुढे वगळली जायला हवी.

अल्झायमरच्या आजारात सध्या सर्रास दिली जाणारी औषधे, म्हणजे डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन इत्यादी, काही रुग्णांत काही काळ लक्षणे सौम्य करतात, परंतु आजार थांबवत नाहीत. त्यामुळे निदानानंतरच्या पाचदहा वर्षांत रुग्णाचे दिवस कसे जातील, हे मुख्यतः त्याच्याबरोबर घरात राहणाऱ्या माणसाच्या वागण्यावर ठरते. महाराष्ट्रातील स्वमदत गटांत अशा माणसाला ‘शुभंकर’ म्हणतात आणि या पत्रातही तोच शब्द वापरला आहे. शुभंकर बहुतेक वेळा स्त्री असते: पतीला सांभाळणारी, स्वतःच सत्तरीला आलेली पत्नी, सासूला सांभाळणारी सून, नोकरी सोडून माहेरी परतलेली अविवाहित किंवा एकटी मुलगी. ज्यांना परवडते ते ब्युरोमार्फत बारा किंवा चोवीस तासांची बाई ठेवतात, पण ती बाईसुद्धा या आजाराचे काही शिकून आलेली असते असे क्वचितच घडते, आणि तिने काय करावे हे अखेर शुभंकरालाच सांगावे लागते.

शुभंकर या कामाला कोणत्या समजुतीने भिडते, यावर पुढचे जवळजवळ सगळे अवलंबून असते. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या गुणात्मक अभ्यासात, म्हणजे आकडे न मोजता लोकांच्या बोलण्यातून त्यांचे आकलन शोधणाऱ्या अभ्यासात, असे दिसले की स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांच्या परिचयाची होती, पण ती आजाराची मानली जात नव्हती. ती एकतर वार्धक्याचा स्वाभाविक भाग समजली जात किंवा मुलांनी केलेली हेळसांड, छळ आणि मायेचा अभाव यांचा परिणाम समजली जात. या निष्कर्षाची दुसरी बाजू प्रत्येक मराठी घराला परिचित आहे. ‘सून जेवायला घालत नाही’, ‘माझ्या पाटल्या हिनेच लांबवल्या’ असे सासू शेजारणीला सांगते तेव्हा शेजारणीला त्यात आजार दिसत नाही, सून दिसते. दागिना स्वतःच कुठेतरी ठेवून तो ठेवल्याची आठवण पुसली गेली, की उरलेली बुद्धी त्या रिकाम्या जागेत चोरी बसवते, ही मेंदूविकाराची अगदी सामान्य प्रक्रिया आहे. पण तिचा भुर्दंड जी चोवीस तास जवळ असते तिलाच पडतो, कारण संशयाला हाताशी दुसरे कोणी नसते. केरळमध्ये के. एस. शाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुभंकरांच्या मुलाखतींतून केलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरच्यांची समजूत उलट टोकाची आढळली: रुग्ण हे सगळे मुद्दाम करतो. ‘नाटकं करतात’, ‘बरोबर कळतं त्यांना, मला त्रास द्यायला असं करतात’ ही वाक्ये महाराष्ट्रातही तितकीच ऐकू येतात. वय झाले असे मानले तर कोणी डॉक्टरांकडे नेत नाही. मुद्दाम करतात असे मानले तर शुभंकर दिवसभर भांडत राहते. दोन्ही समजुती प्रेम कमी असल्यामुळे होत नाहीत. माहिती मिळाली नाही म्हणून होतात, आणि माहिती पुरवणे हे आपल्या विभागाचे काम आहे.

कुटुंबीय रुग्णाशी प्रत्यक्षात कसे वागतात याचे वर्गीकरण करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकेत ग्रेगरी हिन्रिक्सन आणि जॉर्ज नीडरही यांनी १९९४ साली केला. त्यांना वागण्याचे तीन प्रमुख प्रकार आढळले. पहिला टीकेचा, ज्यात ओरडणे, चूक दाखवणे, धमकावणे हे येते; दुसरा उत्तेजनाचा, ज्यात कौतुक करणे, उरलेल्या गोष्टींकडे लक्ष वेधणे, रुग्णाच्या भावनेची दखल घेणे हे येते; आणि तिसरा सक्रिय व्यवस्थापनाचा, म्हणजे घराची आणि दिवसाची मांडणीच अशी बदलण्याचा की प्रसंग ओढवूच नये. टीकेचा मार्ग धरणाऱ्यांवर मनाचा ताण अधिक होता आणि रुग्णाला संस्थेत ठेवण्याची इच्छाही त्यांच्यात अधिक होती. उत्तेजनाचा मार्ग धरणाऱ्यांत हे कमी होते. अर्थात दमलेला माणूस टीका अधिक करतो हेही खरे असल्याने यात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सहज सांगता येत नाही. तरीही एवढे निश्चित की वागण्याची रीत ही आजाराच्या तीव्रतेपेक्षा निराळी गोष्ट आहे, आणि आजार बदलता येत नसला तरी रीत बदलता येते.

टीकेचा मार्ग सगळ्यांत आधी हाती येतो याचे कारण तो निरोगी माणसाशी वागण्याचा रोजचाच मार्ग आहे. समोरचा चुकला की आपण सुधारतो. ‘अहो, आत्ताच तर जेवलात’, ‘आई, हे आपलंच घर आहे, कुठल्या घरी जायचं म्हणतेस?’, ‘बाबांना जाऊन दहा वर्षं झाली, विसरलीस का?’ ही सुधारणेची वाक्ये आहेत आणि बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. परंतु नवी आठवण साठवण्यासाठी मेंदूचा जो भाग लागतो, कानशिलांच्या आतल्या बाजूचा हिप्पोकॅम्पस नावाचा, तोच अल्झायमरच्या आजारात आधी झिजतो. त्यामुळे सांगितलेली दुरुस्ती पाच मिनिटेही टिकत नाही आणि विधवेला पतीच्या मृत्यूची बातमी दर वेळी पहिल्यांदा कळते. दुरुस्ती टिकत नसली तरी तिने उमटलेली भावना मात्र टिकते. आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखाची आणि आनंदाची चित्रफीत दाखवल्यावर काही वेळाने त्यांना त्यातील प्रसंग फारसे आठवले नाहीत, पण उमटलेले दुःख किंवा आनंद त्यांच्यात रेंगाळत राहिला होता. सकाळी कोणीतरी खेकसले हे आजी विसरल्या, पण दुपारभर त्या घाबरलेल्या का आहेत हे घरात कोणालाच कळत नाही, या नित्याच्या अनुभवाचे स्पष्टीकरण त्यात आहे.

मग खोटे बोलायचे का, हा प्रश्न शुभंकरांच्या प्रत्येक बैठकीत येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. पाश्चात्त्य देशांत १९६० च्या सुमारास वास्तवभान देण्याची पद्धत रूढ झाली, ज्यात रुग्णाला वारंवार आजचा वार, ठिकाण आणि खरी परिस्थिती सांगितली जाई. सौम्य अवस्थेत तिचा काही उपयोग होतो, पण पुढच्या अवस्थेत तीच पद्धत जाच ठरते. तिच्या विरोधात नेओमी फाइल यांनी रुग्णाच्या विधानामागची भावना खरी मानून तिला उत्तर देण्याची रीत मांडली, आणि इंग्लंडमध्ये टॉम किटवुड यांनी १९९७ सालच्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की रुग्णाचे माणूसपण त्याच्या स्मरणशक्तीत नसून त्याच्याशी इतरांनी राखलेल्या नात्यात असते. व्यवहारात याचा अर्थ असा, की ‘घरी जायचंय’ म्हणणाऱ्या वडिलांना हेच घर असल्याचे पटवण्याऐवजी घरी कोण कोण आहे, अंगणात काय आहे असे विचारावे, त्यांच्याबरोबर चार पावले फिरून यावे. यात खोटे काहीच बोलावे लागत नाही. फक्त वाद जिंकण्याचा हट्ट सोडावा लागतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या २०१३ सालच्या मराठी चित्रपटात हा सगळा वाद फार बारकाईने आला आहे. संस्कृतचे विद्वान असलेले, आता स्मृती हरपलेले वृद्ध हत्तीच्या मागे चालत निघून जातात आणि माहुताची बायको चन्नम्मा त्यांना कोणतीही दुरुस्ती न करता, लेकरासारखे सांभाळते, तर त्यांची शिकलेली मुलगी प्रेम असूनही त्यांच्या हरवलेल्या विद्वत्तेशी झगडत राहते. चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरीही एक सावधगिरी येथे नोंदवणे भाग आहे: चन्नम्माने ते आधी कोण होते हे पाहिलेलेच नव्हते, म्हणून तिला जे सहज जमले ते मुलीला जमावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. जिवंत माणसाचाच शोक करावा लागणे, ज्याला पॉलिन बॉस यांनी संदिग्ध हानी असे नाव दिले, हे शुभंकराच्या वाट्याला येणारे वेगळेच दुःख असते आणि त्याला समाजात ना सुतक आहे ना समाचाराला येणारे लोक.

मराठी घरांत दिसणारी आणखी एक रीत वरच्या वर्गीकरणात नीट बसत नाही. ती आदरातून येते. ‘तुम्ही बसा हो, आम्ही करतो’ असे म्हणून वडीलधाऱ्यांच्या हातातले प्रत्येक काम काढून घेतले जाते. घास भरवला जातो, शर्टाची बटणे लावून दिली जातात, बोलताना अडले की वाक्य पुरे करून दिले जाते. यामुळे आजाराने जितके परावलंबन आणले असते त्याहून अधिक परावलंबन येते, आणि वार्धक्यशास्त्रात त्याला अतिरिक्त अक्षमता म्हणतात. नवे साठवण्याची शक्ती गेली तरी हातांना वळण पडलेली कामे पुष्कळ काळ टिकतात, कारण त्यांची स्मृती मेंदूच्या वेगळ्या भागांत असते. ज्या आजींना नातवाचे नाव आठवत नाही त्या वाती वळू शकतात, शेंगा सोलू शकतात, मेथी निवडू शकतात, आणि पहिला शब्द कोणी उच्चारला तर रामरक्षा किंवा हरिपाठही पुढे म्हणू शकतात. निवडलेल्या मेथीत काड्या राहिल्या तर त्या नंतर काढता येतात, आजींच्या देखत काढल्या नाहीत म्हणजे झाले. सक्रिय व्यवस्थापन म्हणतात ते बरेचसे असेच क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींचे असते: आंघोळीला नकार देणाऱ्याला ‘आंघोळ’ हा शब्द न उच्चारता आधी गरम पाणी हातावर घालून द्यावे, संध्याकाळी उजेड कमी होताना अस्वस्थता वाढते म्हणून दिवे लवकर लावावेत, दाराच्या कडीची जागा बदलावी, खिशात पत्ता आणि फोन नंबर शिवून टाकावा. एकाएकी, म्हणजे दोन दिवसांत, गोंधळ फार वाढला तर तो आजार वाढला असे न समजता मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा नवे औषध यांचा संशय घ्यावा, कारण ही सन्निपातासारखी अवस्था वेगळी असते आणि बहुधा बरी होते. वर्तन आवरण्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या मनोविकारविरोधी गोळ्यांमुळे स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला. रात्रीची झोप मिळावी म्हणून गोळी मागणाऱ्या शुभंकराला हे कोणी सांगितलेले नसते, आणि गोळीखेरीज दुसरे काय करता येईल हे तर नाहीच नाही.

शुभंकरावर पडणारा भार मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी प्रश्नावली स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली तयार केली. त्या पहिल्या अभ्यासात कुटुंबे थोडीच होती, पण त्यातील निष्कर्ष विचार करायला लावणारा होता: शुभंकराला वाटणारा भार रुग्णाच्या वर्तनाच्या त्रासाशी जुळत नव्हता; इतर नातेवाईक घरी किती वेळा येऊन जातात, याच्याशी तो जुळत होता. येणेजाणे अधिक तिथे भार कमी. महाराष्ट्रात हे येणेजाणे दोन कारणांनी आटते. एक तर रुग्ण काहीबाही बोलतो म्हणून घरच्यांनाच कोणी यावे असे वाटेनासे होते. आणि दुसरे म्हणजे पुण्यानाशिकच्या अनेक घरांतील एक भावंड न्यू जर्सीत किंवा बंगळुरात असते आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर भेटते. दहा मिनिटांच्या त्या कॉलमध्ये आई नीटनेटकी, हसतमुख आणि जुने किस्से सांगणारी असते, कारण ओळखीच्या संभाषणाचा शिष्टाचार बराच काळ टिकतो. मग ‘मला तर आई ठीक वाटली, तूच जास्त टेन्शन घेतेस’ असे उत्तर जवळच्या भावंडाला मिळते. या एका वाक्याने जी घरे तुटली त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही. दूरच्या भावंडाने पैसे पाठवण्याऐवजी वर्षातून पंधरा दिवस येऊन सगळा कारभार हाती घ्यावा आणि जवळच्याला घराबाहेर पाठवावे, हे त्याला सांगणारा तिऱ्हाईत हवा असतो. भावाबहिणींनी एकमेकांना सांगून ते ऐकले जात नाही.

असा तिऱ्हाईत तयार करता येतो आणि त्याला डॉक्टर असण्याची गरज नाही, हे महाराष्ट्राच्या शेजारीच सिद्ध झाले आहे. अमित डायस, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील दोन तालुक्यांत केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८१ कुटुंबे होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी करून एका गटाला लगेच आणि दुसऱ्याला सहा महिन्यांनंतर मदत देण्यात आली, म्हणजे मदतीचा परिणाम नुसत्या काळाच्या परिणामापासून वेगळा काढता यावा. मदत देणारे गृहसेवा सल्लागार गावातलेच, स्थानिक भाषा बोलणारे, साधारण बारावीपर्यंत शिकलेले होते. त्यांना सुमारे आठवडाभराचे प्रशिक्षण होते आणि पाठीशी समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञ होते. ते निदान पंधरवड्यातून एकदा घरी जात, आजार समजावून सांगत, त्रासदायक वर्तनाला काय उत्तर द्यावे ते दाखवत, आणि इतर नातेवाईकांना कामात ओढत. सहा महिन्यांनंतर शुभंकरांचे मानसिक आरोग्य लक्षणीय सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनाने त्यांना होणारा क्लेशही घटला. खुद्द रुग्णाच्या वर्तनात आणि कार्यक्षमतेत दिसलेला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतका नव्हता. या दोन निष्कर्षांची जोडी काळजीपूर्वक वाचण्यासारखी आहे: आजोबा तेच राहिले, त्यांच्याबरोबर राहणे सुसह्य झाले.

यासमोर शासनाने कुटुंबांना आजवर काय दिले ते ठेवून पाहावे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा २००७ सालचा कायदा आहे, आणि ज्येष्ठाला टाकून देणाऱ्याला त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. न सांभाळणाऱ्यांसाठी शिक्षा आहे, ते योग्यच. परंतु सांभाळणाऱ्यांसाठी त्या कायद्यात काहीही नाही. सत्तरीपुढील सर्वांना २०२४ पासून पाच लाख रुपयांचे केंद्रीय आरोग्यकवच मिळते, पण ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे, आणि स्मृतिभ्रंशाचा रुग्ण वर्षानुवर्षे घरीच असतो. सरकारी नोकरीत बालसंगोपनासाठी रजा आहे, आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी स्वतंत्र रजा नाही. घरोघरी विश्वासाने करून घेतलेल्या मुखत्यारपत्राची गत तर आणखी विचित्र आहे: १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारा मनाने अक्षम झाला की ते संपुष्टात येते, म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले त्याच दिवशी ते निरुपयोगी होते आणि वडिलांच्या खात्यातून वडिलांच्याच औषधासाठी पैसे काढायला कोर्टाची पायरी चढावी लागते. हा शेवटचा मुद्दा आपल्या विभागाच्या कक्षेबाहेरचा आहे हे मान्य. तो विधी व न्याय विभागाकडे नेण्याचे वजन मात्र आपल्याकडे आहे.

आपल्या विभागाकडे केलेली मागणी साधी आहे. सीबॅक फॉर्मवर त्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले, की ब-१२, थायरॉइड आणि रक्तदाब यांची तपासणी होऊन निदानासाठी रुग्ण जिल्हा रुग्णालयात जावा, आणि तेथून परत आल्यावर त्या घरी निदान सहा महिने, पंधरवड्यातून एकदा, प्रशिक्षित गृहसेवा सल्लागार जावा. हे काम आशा स्वयंसेविकांच्या गळ्यात घालू नये, असे येथे मुद्दाम सुचवावेसे वाटते. बाळंतपणापासून क्षयरोगापर्यंतची कामे अपुऱ्या मोबदल्यावर करणाऱ्या त्या स्त्रियांना आणखी एक रकाना देणे म्हणजे तो रकाना कोरा राहण्याची व्यवस्था करणे होय. प्रत्येक तालुक्यासाठी वेगळे, पगारी, मोजकेच सल्लागार नेमावेत आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील तज्ज्ञांनी त्यांच्यावर देखरेख ठेवावी. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो उचलणाऱ्या मराठी समुपदेशकांना शुभंकराच्या प्रश्नांचे प्रशिक्षण दिले, तर रात्री अडीच वाजता ‘ते दार उघडून बाहेर निघालेत, काय करू’ असे विचारणाऱ्याला उत्तर मिळेल. जागतिक आरोग्य संघटनेने ‘आयसपोर्ट’ नावाचा शुभंकरांसाठीचा पाठ्यक्रम तयार केला आहे, आणि तो प्रत्येक देशाने आपल्या परिस्थितीप्रमाणे बदलून घ्यावा अशीच त्याची रचना आहे. त्याला मराठवाड्यातील, विदर्भातील आणि कोकणातील घरांचे रूप द्यायला हवे. एकट्या खोलीत झोपणाऱ्या युरोपीय आजोबांची उदाहरणे, जिथे चार पिढ्या एका ओसरीवर निजतात, तिथे उपयोगाची नाहीत. केरळने स्मृतिभ्रंशासाठी ‘स्मृतिपथम्’ ही राज्य योजना हाती घेतली, कर्नाटकाने निम्हान्सच्या साहाय्याने मेंदूच्या आरोग्याचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्राला कोरी पाटी घेऊन बसावे लागणार नाही.

पहिल्या टप्प्यासाठी सावंतवाडी आणि दोडामार्ग हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोन तालुके निवडावेत, अशी सूचना आहे. कर्ती माणसे चाकरमानी म्हणून मुंबईला गेल्यामुळे या भागात म्हातारी माणसे मोठ्या संख्येने आहेत. मोठ्या दुखण्यासाठी तेथील लोक आजही बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे धाव घेतात, त्यामुळे त्या महाविद्यालयातील तज्ज्ञांशी करार करणे अवघड नाही. आणि गोव्यातील सल्लागारांनी कोंकणीत घासूनपुसून तयार केलेले बोलणे मालवणी घरात जवळजवळ जसेच्या तसे चालेल. सहा महिन्यांनी शुभंकरांचे मानसिक आरोग्य तपासून जो निष्कर्ष येईल तो अनुकूल असो वा प्रतिकूल, विभागाने प्रसिद्ध करावा आणि त्यावरून बाकीच्या तालुक्यांचा निर्णय घ्यावा.

कळावे.